तिसऱ्या खिडकीची चेन

निखाऱ्यांची शेगडी मी बंद कॅम्परमध्ये ठेवली, वडिलांना तिथेच झोपू दिलं आणि भांडी घासायला निघून गेलो. माझी चूक ही. पुढे जे झालं ते कुणाचं काम, ते मला अजून कळलेलं नाही.

असल्या गोष्टींना मी कायम हसत आलोय. अमावास्येला मुद्दाम केस कापून घेणारा माणूस मी. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळायला होतंय... पण लिहितो.

आम्ही आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन उपनगरात राहतो — मी, बायको मानसी आणि नऊ वर्षांची ईरा. गेल्या उन्हाळ्यात कराडहून बाबा आले होते. त्यांना समुद्राकाठी मुक्काम करायचा होता, म्हणून मलिंगार गावाजवळच्या एका आजोबांकडून मी जुना पॉपअप कॅम्पर घेतला. प्रवासात पेटीसारखा मिटलेला असतो. जागेवर हँडल फिरवलं की छत वर येतं, कापडाच्या भिंती ताणल्या जातात, दोन बाजूंनी दोन पलंग बाहेर सरकतात. आजोबा म्हणत होते, आत ये, चहा घे, सगळा उघडून दाखवतो. मी इथल्या लोकांसारखं "ग्रँड, ग्रँड", म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, करत कॅम्पर गाडीला जोडला आणि निघालो. इथे नव्याने आलेल्या मंडळींनो, जुना कॅम्पर मालकासमोर पूर्ण उघडल्याशिवाय घेऊ नका. आणि चहाला नाही म्हणू नका.

कारण पश्चिमेला मेयोच्या किनाऱ्यावर पोहोचल्यावर कळलं, की तीन खिडक्यांपैकी तिसरीची चेन गंजून बंदच जाम झालीय. खोबरेल तेल लावलं, पकडीने ओढली. अंगठा सोलला, चेन हलली नाही.

"डॅड, जस्ट लीव्ह इट," ईरा म्हणाली.

सोडून दिली. त्या बाजूच्या पलंगावर बॅगा, घडीच्या खुर्च्या असा सगळा पसारा रचला, आणि सगळ्यात वर लाडवांचा डबा.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरताचा बेत. वांगी भाजायला एकदा वापरून टाकायची शेगडी आणली होती — पत्र्याच्या ट्रेमध्ये कोळसे. भरीत उत्तम झालं, हे मात्र सांगायला हवं. जेवणं झाली आणि पाऊस आला. मानसी आणि ईरा रेनकोट चढवून किनाऱ्यावर गेल्या. बाबा वामकुक्षीला आडवे झाले आणि म्हणाले, "गारठा लई आहे रे तुमच्यात."

कोळशांतून धूर येत नव्हता. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं शास्त्र मी जागच्या जागी तयार केलं. शेगडी आत आणली, उघड्या असलेल्या दोन्ही खिडक्यांच्या चेनी लावल्या, बाहेर पडून दार ओढून घेतलं.

कॅम्पसाइटवरच्या सामायिक भांडी घासायच्या जागी पुण्याचं एक जोडपं भेटलं, पहिल्यांदाच कॅम्पिंगला आलेलं. मग काय... एका रात्रीचा अनुभव असलेला मी त्यांना अर्धा-पाऊण तास व्याख्यान देत उभा राहिलो. कापड ओलं असताना मिटू नका, निघण्याआधी टायर तपासा, घराच्या अंगणात एकदा उभारून बघा. सगळं सांगितलं. आणि तेवढ्या वेळात माझे वडील...

ते वाक्य मला आजही पूर्ण करता येत नाही.

परत आलो तर बाबा पलंगाच्या कडेला डोकं धरून बसलेले. त्यांना उलटी झाली होती. अंगावर पाऊस येत होता, कारण तिन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या.

"कशाला उघडल्यास रे सगळ्या? भिजलो की."

"बाबा, मी आत्ता येतोय."

"मग कोण आलं होतं? चेन ओढल्याचा आवाज आला. एक, मग दुसरी, मग ती तिकडची. म्हटलं तूच. डोळे उघडेनात माझे."

मी तिसऱ्या खिडकीकडे पाहिलं. तिच्यापर्यंत पोहोचायचं तर आधी पसारा उतरवायला हवा. पसारा होता तसाच, वरचा डबासुद्धा हललेला नाही. चेनी आतून उघडतात, आणि बाबांचे गुडघे असे की खुर्चीतून उठायलाही हात द्यावा लागतो. समोरच्या कॅरव्हॅनच्या मांडवात एक बाई विणत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, तुमच्याशिवाय कोणी आलं-गेलं नाही.

हॉस्पिटलात बाबांना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, शेगडी आत कोणी नेली? मी हात वर केला, शाळेत करतात तसा. त्या म्हणाल्या, कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. खिडक्या बंद राहिल्या असत्या तर हे उठले नसते.

घरी येऊन मलिंगारच्या आजोबांना फोन केला. ती चेन त्यांनाही कित्येक वर्षांत उघडता आली नव्हती. "तुला दाखवणारच होतो," ते म्हणाले, "पण तू घाईत होतास."

मानसीच्या मते बाबांनीच गुंगीत उघडल्या असतील. मग तिसरी कशी, असं विचारलं की ती चहा टाकायला उठते. मी ती चेन नंतर लावून पाहिली. लागत नाही. आता उघडीच जाम झालीय.

बाबा बरे होऊन कराडला परतले. पुन्हा यायचं नाव त्यांनी काढलेलं नाही, आणि मी तरी कुठल्या तोंडाने बोलावू? परवा व्हिडिओ कॉलवर मी पुन्हा विषय काढला. बाबा, नीट आठवा, पावलं वाजली का, कोणी बोललं का, कोण असेल?

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"कुणी उघडल्या ते राहू दे," बाबा म्हणाले. "लावल्या कुणी, ते ठाऊक आहे सगळ्यांना."