खिडकीवरची उत्तर सीमा

'देशाची इंचभरही जमीन सोडणार नाही.' माझ्या प्रत्येक पत्रकावर हे वाक्य ठळक टाइपात असतं. दुकानातल्या कॅलेंडरवर नकाशा वरून कापलेला दिसला, की मी दुकानदाराशी तिथंच भांडतो. म्हणून भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत वर्गाच्या भिंतीवर भारताचा नकाशा काढायचं ठरलं, तेव्हा देखरेख माझ्याकडे आली.

पेंटर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं टाकणारा. त्यानं कन्याकुमारीपासून सुरुवात केली आणि देश संपायच्या आत खिडकी आली. तो म्हणाला, थोडा दाबून बसवतो. मी बिलकुल ऐकलं नाही. शेवटी उरलेला देश त्यानं खिडकीच्या दोन लोखंडी झडपांवर काढला. डाव्या झडपेवर पश्चिमेच्या शेजाऱ्यानं भांडण लावलेली सीमा, उजव्या झडपेवर चीननं. पेपरवाले तिला वादग्रस्त म्हणतात, मी म्हणत नाही.

झडपा बाहेर उघडायच्या. म्हणजे वारा घ्यायचा तर दोन्ही सीमा शेजारच्या काकांच्या गोठ्यात, म्हशींपुढे. मी कडीला तार गुंडाळली आणि वर्गाच्या बाईंना बजावलं, हा राष्ट्राचा प्रश्न आहे. मलाही शिकवलेल्या बाई त्या. म्हणाल्या, पोरं घामेजतात हाही प्रश्नच आहे. मला ती चक्क फितुरी वाटली. काका तर भेटतील तिथं विचारायचे, फौज कधी आणून राह्यला म्हणून.

मार्चमध्ये बाईंनी मला वर्गावर बोलावलं. "एवढं तावातावानं लिहितोस, मंग एक तास घे की सीमेवर."

वर पत्रे, खोलीला ती एकच खिडकी. दहा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. हातातल्या पत्रकानंच मी वारा घ्यायला लागलो. मागच्या रांगेतल्या एका पोरानं भिंतीला डोकं टेकलं, ओठ पांढरे पडलेले. पुढची एक पोरगी उठली.

"सर, जराशी जमीन देऊन टाका ना. पाठ झाला की वापस घेऊ."

वर्ग हसला नाही. बाई माझ्याकडेच बघत होत्या. मी तार सोडली आणि दोन्ही झडपा ढकलल्या.

"आलात व्हय मह्या हद्दीत?" गोठ्यातून काका म्हणाले. "या, या. जाताना जल्दी करू नका."

शेणाचा वास घेऊन वारा आत आला. त्या पोराला बाईंनी खिडकीशी बसवून पाणी पाजलं. थोड्या वेळानं त्यानं पाठ ताठ केली. राहिलेला पाठ मी उत्तरेकडून उघड्या देशावर घेतला.

शाळा सुटल्यावर झडपा ओढून घेतल्या. तार परत लावली नाही. पत्रकातलं वाक्य मात्र बदललेलं नाही. नवं पत्रक हातात पडलं, की बाई ते मोठ्यानं वाचतात आणि शांतपणे विचारतात, "उन्हाळा धरून?"