पायाला कळेनासं झालं तेव्हा

सगळे त्यांना ब्रेकवाले काका म्हणत. इंजिनाचं दुखणं दुसरीकडे न्या, ब्रेक मात्र काकांनाच दाखवा, असं लोक एकमेकांना बजावत. चढावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये काका आणि त्यांची सून, दोघंच काम करत. मुलगा जहाजावर नोकरीला. त्याला ग्रीसचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. सुनेनं मात्र हौसेनं पाना हाती घेतला होता.

ब्रेक ऑइल नवं भरलं, पाइपांतली हवा काढली, की काका चपला काढून अनवाणी पेडल दाबत. पेडल मऊ लागलं तर पाइपात हवा राहिलीय, चालत्या गाडीत थरथरलं तर चाकाची डिस्क वाकडी झालीय. "डोळ्यांना काय दिसणार? हे पायानेच ओळखायचं," असं ते सुनेला सांगत.

एके दुपारी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर शेडमध्ये आला. चेहरा पांढराफटक. रुग्णवाहिकेच्या ब्रेकचं काम काकांनी सकाळीच करून दिलं होतं.

"काका, दवाखान्याच्या उतारावर पेडल पार तळाला गेलं हो! आत पेशंट होता. हँडब्रेक ओढला, म्हणून भिंतीच्या अलीकडे थांबलो."

काका तडक बाहेर क्रेननं ओढून आणलेल्या गाडीत चढले. पेडल दाबलं. पुन्हा दाबलं. "ठीक तर लागतंय," ते पुटपुटले.

"बाबा, जरा उतरता?" सून म्हणाली. तिनं चप्पल काढून पेडल दाबलं. मग हळूच म्हणाली, "हवा आहे. स्पंज दाबल्यासारखं लागतंय."

काकांनी खाली पाहिलं. गेले काही महिने पायाला मुंग्या यायच्या. चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागायचा नाही. साखर वाढली असेल, म्हणून त्यांनी कानाडोळा केला होता.

"माझंच चुकलं," ते ड्रायव्हरला म्हणाले. "पायाला कळेनासं झालंय."

गेलेली जाणीव आता परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काका घरीच बसू लागले. धड जेवेनात, कुणाशी बोलेनात. एका सकाळी सून गॅरेजला न जाता त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"गॅरेज?" काकांनी विचारलं.

"बंद. मला पेडल कळतं बाबा, पण काय कळलं ते नीट सांगता येत नाही. तुम्ही शेजारी बसून विचारा. नाहीतर मीही नाही जात."

काकांनी उठून कामाचा शर्ट चढवला.

त्या दिवसापासून गाडी ती चालवी आणि काका शेजारी बसून खोदून खोदून विचारत. "दाबून धर. खाली सरकतंय? अजून धर. आता?" घाईनं उत्तर दिलं की ते पुन्हा दाबायला लावत. काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. काकांनी कुणाला दोष दिला नाही. आलेल्या प्रत्येकाला मात्र ते आधीच सांगत, "परीक्षा आता सून करते. पटलं तर गाडी ठेवा."

रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर पुन्हा आला, तेव्हा सवयीनं त्यानं किल्ली काकांपुढे धरली. काकांनी हात पुढे केला नाही.

"तिच्याकडे द्या," ते म्हणाले आणि जरा बाजूला सरकून उभे राहिले.