भर श्रावणात सोललेली सुपारी

ती घटना आठवली की आजही माझी मान ताठ होते.

दिवेआगरच्या, नारळ-सुपारीची वाडी असलेल्या एक काकी पोलीस ठाण्यात आल्या. वादळात त्यांच्या घराशेजारच्या, पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्यांचं छप्पर उडालं होतं. ते उभारायला पतपेढीचं कर्ज काढलं. पावसाळ्यात पाहुणे नाहीत, हप्ते थकले आणि वाडी जप्तीच्या तोंडावर आली. तरी बाई डगमगल्या नव्हत्या. दर हंगामात थोडी सुपारी त्या सालासकट वाळवून माळ्यावर ठेवत. साल असली की सुपारी टिकते. अडीनडीला सोलायची, विकायची. त्या माहेरी गेल्या असताना कोणीतरी माळाच साफ केला.

"दागिना गेला असता तर एवढी रडले नसते, साहेब. ह्याच्यावरच वाडी वाचणार होती."

कुलूप शाबूत होतं, म्हणजे चोर घरोब्यातला. फिर्याद घेतली, पंचनामा केला, जवळच्या बोर्ली पंचतनच्या सुपारी व्यापाऱ्यांना सावध केलं. बरेच दिवस काहीच हाती लागेना. मग खबऱ्याचा फोन आला. काकींचे चुलत दीर भर श्रावणात पडवीत सुपारी सोलत बसलेत! सोलणी तर पावसाआधीच उरकते. मी गेलो, आधी त्यांच्या वाडीत डोकावलो आणि मगच त्यांना ठाण्यात आणलं.

गृहस्थ बोलण्यात पक्के. "आमच्याच वाडीतली हाय, औंदाची."

मी चहा मागवला. चौकशीत घाई करणारा पोलीस निम्मी केस तिथेच घालवतो.

"वादळात तुमचंही फार नुकसान झालं म्हणे?"

"काय सांगू साहेब! सगळी वाडी आडवी झाली. एक झाड न्हाय राहिलं." नुकसान सांगून सांगून हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलं होतं.

"मग तुमच्या वाडीत आत्ता पाहिली ती कमरेएवढी रोपं औंदाच फळली होय?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि सगळं कबूल केलं. नव्या गाडीचे हप्ते, ते भरायला मोबाईलवरून घेतलेलं कर्ज, ते फेडायला आणखी एक. घरात बायकोलाही पत्ता नव्हता.

जवळजवळ सगळा माल मिळाला. पण जप्त केलेला मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय सोडता येत नाही, आणि आमच्या मुद्देमालाच्या दमट खोलीत सुपारीला बुरशी धरली असती. मी काकींना अर्ज करायला लावला आणि आमचा अहवाल तातडीने पाठवला. बंधपत्रावर माल सुटला, विकायची परवानगीही मिळाली. आळीतल्या बायका सोलायला बसल्या. मुदतीआधी थकबाकी भरली गेली, जप्ती टळली! त्या दिवशी मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

माणसं उलटं वागतात, हे मी या केसमध्ये शिकलो. दिरांनी गाडी गावभर मिरवली आणि कर्ज लपवलं. काकींचं कर्ज मात्र साऱ्या आळीला ठाऊक होतं, म्हणून आळी मदतीला धावली.

त्या पेढे घेऊन आल्या तेव्हा मी विचारलं, "काकी, सगळी विकलीत ना?"

"न्हाय वो. हप्त्यापुरती विकली. बाकीची ठेवली."

"परत माळ्यावर?"

काकी पदर सावरत उठल्या. "कर्ज किती हाय ते विचारा, सांगते. सुपारी कुठं ठेवली ते आता पोलिसाला पण सांगणार न्हाय."