वहिनी खालून टाकते

आमची वहिनी म्हणजे हॉस्पिटलच्या बास्केटबॉल संघाची राणी. सहा फुटाला दोन बोटं कमी, हातात चेंडू आला की समोरच्या पोरींची त्रेधा उडते. मी तिची नणंद. त्याच संघात आहे, पण बहुतेक वेळ बाकावर. माझ्या वाट्याला फक्त आरडाओरडा.

एकच दुखणं होतं, फ्री थ्रो. समोर अडवायला कुणी नाही, रेषेवर निवांत उभं राहून चेंडू बास्केटमध्ये टाकायचा, आणि नेमकी तिथेच ही बाई दहातले सहा चुकवायची! गेल्या मोसमात त्यापायी तीन सामने हातचे घालवले. यंदा शेवटचा सामना हरलो तर संघच बंद, असं हॉस्पिटलच्या साहेबांनी स्पष्ट बजावलं होतं.

आम्ही दोघी हॉस्पिटलच्याच धुलाईखान्यात कामाला. चादरींची गाठोडी बांधायची आणि दोन्ही हातांनी खालून झोका देऊन लांबच्या उंच ढकलगाडीत फेकायची. वहिनीचं गाठोडं कधी बाहेर पडत नाही. एक दिवस फेकता फेकता ती थबकली. "मी फ्री थ्रोपण असाच टाकणार," म्हणाली.

मी पोट धरधरून हसले. "अगं, बालवाडीतली पोरं टाकतात तसा? लोक काय म्हणतील! घराण्याचं नाक कापशील."

"हसून घ्या, वन्सं." तिने वन्सं म्हटलं की समजायचं, बाई तापली. "लोक वाहवा करतात म्हणून पाच वर्षं मी काही नवीन शिकलेच नाही. छान दिसायला खेळायचं की जिंकायला?"

मग दोन महिने रोज पाळी संपली की दोनशे चेंडू. खालून. कोच वैतागला, माझ्या भावाने समजावलं, मी तर टोमणे मारमारून थकले. बाई ढिम्म! दहातले आठ पडायला लागले तेव्हा कुठे माझं तोंड मिटलं. पण खरं सांगते, लाज वाटायचीच.

शेवटचा सामना. बरोबरी, दोन सेकंद बाकी, आणि वहिनीला दोन फ्री थ्रो. तिने गुडघे वाकवले, चेंडू दोन्ही हातांनी मांड्यांमध्ये धरला. अख्खी गॅलरी हसायला लागली. शिट्ट्या काय, "बाळा, जपून!" काय. पहिला चेंडू कडीवर आपटून बाहेर.

"आता तरी वरून टाक!" कोच किंचाळला. माझा जीव टांगणीला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा गुडघे वाकवले. चेंडू वर गेला आणि जाळीतून सरळ खाली आला. उरलेल्या दोन सेकंदांत समोरच्यांना काही सुचलंच नाही.

जिंकलो! मी रडत धावले, तिच्या गळ्यात पडले. माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात पेपरचा फोटोग्राफर मध्ये घुसला.

"मॅडम, फ्री थ्रोची एक पोझ द्या ना. वरून टाकतानाची हं, ती छान दिसते."

"मी खालून टाकते," वहिनी म्हणाली आणि चेंडू घेऊन गुडघे वाकवून उभी राहिली. मागे कुणीतरी खिदळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक तिच्या शेजारी गेले आणि तशीच गुडघे वाकवून, रिकामे हात खाली धरून उभी राहिले.

"काढा आता फोटो," मी म्हणाले.