भिंतीकडे तोंड करून

एकोणीसशे साठच्या आसपास राजापेठेत आमच्या शेजारी मुलांच्या गोष्टी लिहिणारे एक गुरुजी राहत. त्यांची पुस्तकं अकोल्यापर्यंत पोरं वाचत, पण नवी गोष्ट ते आधी माझ्या सात वर्षांच्या मुलीला वाचून दाखवत, तेही भिंतीकडे तोंड करून.

"तिच्या तोंडाकडं पाह्यलं का मले भेव वाटते," म्हणत.

एकदा तिनं विचारलं, "वासरू हरवलं, तं गायीनं शोधलं काहून नाई?" गुरुजींनी शाईच्या बोटांनी कागद गोळा केले. ते उठून गेले.

मला वाईट वाटलं. पुढच्या खेपेला मी पोरीला आधीच बजावलं, काही विचारू नको. गोष्ट संपली. ती गप्प.

गुरुजी वळले. "काहीच नाई विचारलं. म्हंजे गोष्टीत जीव नाई."

त्यांनी तिथंच कागद फाडले. पोरगी माझ्याकडे पाहत राहिली.