पटावरची नावे

आत्या रोज संध्याकाळी सहा वाजता मांजरांची हजेरी घेत असे. पटावर नावे चौदा होती, मांजरे पाच. उरलेल्या नऊ नावांचे प्राणी मेलेले होते. त्यांनाही ती त्याच आवाजात हाक मारी, उत्तरासाठी तितकीच थांबे आणि मगच पुढच्या नावाकडे वळे.

नाशिकरोडच्या एका कॉलनीत तिचे बैठे घर होते. सारी नोकरी प्राथमिक शाळेत करून ती निवृत्त झाली होती; लग्न केले नव्हते. बाबा मनमाडला रेल्वेत असल्यामुळे अकरावीपासून मी तिच्याकडे राहू लागले आणि पहिल्याच संध्याकाळी हा प्रकार पाहिला. मागच्या ओट्यावर खुर्ची, मांडीवर शाळेत असतो तसा लांबट हजेरीपट, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. समोर रांगेत बसलेली मांजरे.

"ठकी." एक मांजर तोंड उघडून ओरडले. "सोनबा." कोणीच ओरडले नाही.

"आत्या, सोनबा कुठाय?"

"रजेवर."

"म्हणजे?"

"म्हणजे मेला. मागच्या पावसाळ्यात."

"मग नाव कशाला वाचतेस?"

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "दाखला नेला का त्याने? दाखला नेल्याशिवाय पटावरचं नाव कमी करता येत नाही. एवढं शिकलीस आणि हे माहीत नाही?"

ती थट्टा करत नव्हती. तिच्या शाळेतली काही मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जात आणि कोणी दाखला मागायला येत नसे. त्यांची नावे ती वर्ष संपेपर्यंत रोज वाची. "मुख्याध्यापक म्हणायचे, बाई, वेळ कशाला घालवता? पण त्यातली काही परत यायची गं. आणि आलेल्या पोराला आपलं नाव ऐकू आलं नाही, तर ते दारातूनच मागे फिरतं."

शेवटचे वाक्य ती मांजरांकडे पाहत म्हणाली होती. त्या वेळी मला ते फक्त विचित्र वाटले.

ओट्यावर शहाबादी फरश्या होत्या आणि प्रत्येक प्राण्याची फरशी ठरलेली होती. मेलेल्यांच्या फरश्या रिकाम्या राहत. त्यामुळे मांजरांची रांग पडलेल्या दातांच्या कवळीसारखी दिसे. यात गूढ काही नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवले: जुना वास. एका रविवारी मी सगळा ओटा फिनेल टाकून दोनदा घासला. संध्याकाळी मांजरे नाके आक्रसत आली, थोडी घुटमळली आणि नेमकी त्याच फरश्यांवर बसली. पाचांतले सर्वांत लहान, लाडू नावाचे पिल्लू, सोनबा मेल्यावर घरात आले होते. त्याने सोनबाला कधी पाहिले नव्हते. तेही सोनबाच्या फरशीला वळसा घालून जाई. मी तिथे सुकटीच्या भाताची ताटली ठेवून पाहिली. लाडूने मान लांब करून भात खाल्ला, पंजा मात्र फरशीवर ठेवला नाही.

आत्याला हे प्रयोग आवडत. "लिहून ठेव," ती म्हणे. तिचा स्वतःचा भुताखेतांवर मुळीच विश्वास नव्हता. हॉलमध्ये बुद्धमूर्ती होती, हजेरीनंतर ती वंदना म्हणे आणि अंगारेधुपारे करणाऱ्यांची भर चौकात खरडपट्टी काढे. शेजारच्या मंदाकाकू निफाडकडच्या. त्या एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "बाई, तुमच्या घरात काहीतरी हाय. लिंबू-मिरची तरी बांधा."

"लिंबाचं सरबत करा आणि मिरचीचा ठेचा, मंदाबाई. भूतबीत काही नसतं."

"मग तुम्ही कोणाला हाका मारता?"

"पटावरच्यांना," आत्या म्हणाली.

त्याच वर्षी पंख मोडलेली एक साळुंकी ओट्यावर सापडली. पंख बरा झाल्यावर आत्याने पिंजरा उघडा ठेवला. पण ती गेली नाही. आत्याने तिला मॉनिटर नेमले, पटावर मात्र घेतले नाही. "मॉनिटर हजेरी देत नाही, घेते." मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मला या गंभीर समारंभाची थट्टा करावीशी वाटे. आत्याने मेलेल्याचे नाव घेतले, की स्वयंपाकघरातून मी बारीक आवाज काढून ओरडायची, "हजर!" आत्या रागावली नाही. साळुंकी मात्र ते शिकली. मी थट्टा सोडून दिली, बारावी झाले, पुण्याला गेले. साळुंकी माझ्याच सोळा वर्षांच्या आवाजात नऊ मेलेल्यांची हजेरी देत राहिली. जिवंत मांजराच्या नावाला ती कधीही बोलत नसे. सुट्टीत घरी आले, की ओट्यावरून माझाच जुना आवाज ऐकू येई आणि मी हातातले काम थांबवी.

पुढे मी स्मृतीवर संशोधन करू लागले: प्राणी काय शिकतात, ते कसे विसरतात, विसरायला किती काळ लागतो. यंदा मला जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली. निघायला तीन आठवडे उरले असताना आत्या न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. बाबा दिवसभर दवाखान्यात बसत. संध्याकाळची मांजरे माझ्याकडे आली.

दवाखान्यात नेताना स्ट्रेचरवरून तिने एवढेच सांगितले होते, "नावं गाळू नकोस."

मी गाळली. डोक्यात व्हिसाचे कागद होते, विमा होता, बांधाबांध होती. पहिल्या संध्याकाळी पाच जिवंत नावे वाचून मी ताटल्या ठेवल्या. एकही मांजर हलले नाही. रात्रभर ताटल्या तशाच राहिल्या. दुसऱ्या संध्याकाळीही तसेच झाले. तिसऱ्या संध्याकाळी मी शास्त्रीय पद्धतीने गेले: जिवंतांच्या पाच नावांमध्ये तितक्याच लांबीची, त्याच चालीत, नऊ खोटी नावे वाचली. मांजरे माझ्याकडे पाहत राहिली. वर्गात नवीन, तात्पुरत्या बाई आल्या की मुले पाहतात तशी. लाडूच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात शिरल्याबरोबर आत्याने विचारले, "गाळलीस ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? तू प्रमेयाच्या पायऱ्यासुद्धा गाळायचीस."

त्या संध्याकाळी मी प्रथमच हजेरीपट उघडून समोर धरला. ठकी. सोनबा. मुनीम. सुपारी. हवालदार, जो कुत्रा होता. मेलेल्यांना साळुंकीने हजेरी दिली, जिवंत आपापल्या नावाला ओरडले. चौदावे नाव झाले. त्याखाली आत्याच्या गोल अक्षरात पंधरावे नाव होते: अनघा. ते माझे नाव. मी पुण्याला गेल्याच्या दिवसापासून पुढच्या प्रत्येक रकान्यात 'रजेवर'; सुट्टीत मी घरी असे तेवढे रकाने कोरे, कारण माझ्यासमोर तिने हे नाव कधी वाचले नव्हते.

मी ते वाचले.

पाचही मांजरांनी मान वळवली. माझ्याकडे नाही. मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसले होते आणि ती पाचही मांजरे माझ्या बाजूने पलीकडे, घराच्या कडेने दिसणाऱ्या बाहेरच्या फाटकाकडे पाहत होती. आणि साळुंकी माझ्या आवाजात म्हणाली, "हजर."

मग मांजरे जेवली.

याचे स्पष्टीकरण मला त्याच क्षणी सुचले आणि ते सुचले नसते तर बरे झाले असते. मांजरे माणसाची नजर पाहून शिकतात. माझे नाव घेतल्यावर आत्या रोज फाटकाकडे पाहत असली पाहिजे. रोज. इतकी वर्षे.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात तिच्या उशाशी बसले. तिच्या छातीत कफ भरला होता. बोलताना धाप लागत होती.

"आत्या, माझं नाव कशाला घातलंस त्यात? मेलेल्यांच्यात?"

"मेलेल्यांच्यात नाही. रजेवर असलेल्यांच्यात." तिने माझ्या पिशवीकडे पाहिले. "दाखला नेलास का तू?"

"मी नाही जात जर्मनीला. कळवते त्यांना."

"मूर्ख आहेस. पट आणलास का?"

तो माझ्या पिशवीत होता. शेवटच्या पानात घडी घातलेला एक कागद निघाला: हाताने रेघा मारून केलेला शाळा सोडल्याचा दाखला. माझे नाव. वर्तणूक: चांगली, घाई करते. शाळा सोडल्याचे कारण: पुढील शिक्षण. शाई जुनी होती. सही तेवढी नव्हती.

"हात होत नव्हता सही करायला," ती म्हणाली. "पेन दे."

तिने सही केली. एवढ्या वर्षांच्या सवयीने खाली दुहेरी रेघसुद्धा ओढली. मग म्हणाली, "आता तुझं नाव वाचू नकोस."

त्या संध्याकाळी मी चौदा नावे वाचली आणि थांबले. पण मी संशोधक आहे, आणि हट्टी आहे. मी पंधरावे नावही वाचले. अनघा.

एकही मान वळली नाही. साळुंकी दांडीवर पिसे साफ करत राहिली. मी पुन्हा वाचले, मोठ्याने. मुनीमने जांभई दिली.

प्राण्याने वर्षानुवर्षे शिकलेली सवय एका दिवसात पुसली जात नाही. हा माझ्या अभ्यासाचाच विषय आहे. ती हळूहळू फिकी होते, मध्येच परत येते, तिचे आलेख काढता येतात. असा एका सहीने कोणी विसरत नाही. अंधार पडू लागला तरी मी ओट्यावर उभी होते, आणि ज्या घरात मी वाढले तिथे माझ्या नावाला कोणीच उरले नव्हते.

पहाटे बाबांचा फोन आला.

सारे आटोपून आम्ही घरी परतलो तेव्हा सहा वाजत आले होते. मांजरे आपापल्या फरश्यांवर बसली होती. मी पट घेतला; खुर्चीवर बसवेना, म्हणून उभ्यानेच वाचला. चौदा नावांनंतर माझ्या नावावर रेघ मारली आणि त्याखाली आत्याचे नाव लिहिले. मग ते वाचले. आयुष्यात प्रथमच तिला नावाने हाक मारली: "सुमन."

मांजरांनी मान वळवली. फाटकाकडे नाही, रिकाम्या खुर्चीकडे. मी साळुंकीच्या 'हजर'ची वाट पाहत राहिले. तिने मान तिरपी केली. मग बोलली, माझ्या आवाजात नाही, आत्याच्या. जो शब्द साळुंकीने आजवर एकदाही उच्चारला नव्हता, तो.

"बसा."

मी खाली, थंड फरशीवर बसले. ती सोनबाची फरशी होती, हे नंतर लक्षात आले.

मांजरे, साळुंकी आणि पट आता मंदाकाकूंकडे आहेत. लिंबू-मिरची बांधणाऱ्या त्याच मंदाकाकू सहा वाजता पंधरा नावे वाचतात. "शेवटच्या नावाला ती 'बसा' म्हणते बघ," त्या फोनवर सांगतात. "लय भ्या वाटतं. पण उभी असले, तर मी बसते बाई."

त्यांचे एकच मागणे आहे. नावे वाढत चालली, तेव्हा बाईंचा दाखला तरी पाठव, म्हणजे एक नाव कमी होईल. मी तसा कागद आखला आहे. रेघा सरळ आहेत. नाव लिहिले आहे, वर्तणूक लिहिली आहे. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात वैद्यकीय कारण मला अचूक लिहिता येते. अचूक लिहायलाच मी शिकले. पण पेन टेकवला, की जर्मनीतल्या या बंद खिडक्यांच्या खोलीत सुकटीचा वास येतो, आणि मी पेन खाली ठेवते.

दाखला नेल्याशिवाय नाव कमी करता येत नाही. आणि तो न्यायला अजून कोणी आलेले नाही.