सागवानी कपाटावरचा हिरवा रंग

रंग काढायची हीट गन बंद केल्यावरही तिचं तोंड बराच वेळ तापलेलं असतं, हे मला आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीनं शिकवलं. पहिल्याच दिवशी मी बटण बंद केलं, गन खुर्चीवर ठेवली आणि चहा प्यायला आत गेलो. येऊन पाहतो तर खुर्चीच्या मधोमध भोक आणि अंगणभर जळका वास. बायको बाहेर आली.

"अजी, रंग कपाटाचा काढाचा होता ना?" एवढं विचारून ती परत आत गेली.

कपाट तिच्या वडिलांनी केलेलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, बोरी अरबला सुतारकाम करायचे. लेकीच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या हातानं सागवानाचं कपाट करून दिलं. पुढच्याच दिवाळीत भिंतीचा हिरवा ऑइलपेंट उरला, आणि वाया जाऊ नये म्हणून मी तो त्या कपाटावर फासला. दोन हात. मामाजी पाहून म्हणाले, "चांगलं केलं जवाईबापू, आता वाळवी नाई लागत." मला ती शाबासकी वाटली. पुढं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, अन् हिरवं काय नि तांबडं काय, त्यांना सारखंच झालं.

या हिवाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. रविवारी ते दिग्रसला आमच्याकडे येणार होते. बायको म्हणाली, "बाबाले आता सारं दिसते. त्याईनं रंधा मारलेलं लाकूड एकडाव त्याईले दिसू द्या." ती सहसा काही मागत नाही. हे मागितलं. हातात चार दिवस.

हार्डवेअरच्या दुकानात मी ऐटीत म्हणालो, "सगळ्यात जास्त गरम होते ते द्या."

"काय वितळवाचं हाये? लोखंड?" म्हातारा दुकानदार म्हणाला. कपाटाचं ऐकल्यावर त्यानं मोठी गन परत फळीवर ठेवली. "लाकडावरचा रंग काढाले आग नाई, धग पायजे. हे घ्या, हिची धग कमीजास्त करता येते." मग ती माझ्या हातात देऊन, हात लांब करायला लावून मला उभंच ठेवलं. दोन गिऱ्हाइकं आटोपली. "दुखला हात? नाई ना? मंग हे वजन तुमच्या कामाचं."

चपटं तोंड, चष्मा, चांगल्यापैकी मास्क, सगळं त्यानंच काढून दिलं. जुन्या रंगात शिसं असू शकतं. उघड्यावर काम करा, पोराटोरांना लांब ठेवा, खरवड झाडू नका, ओल्या फडक्यानं गोळा करा, अन् हात धुतल्याशिवाय तोंडात सुपारीसुद्धा टाकू नका, असं मोठ्या भावासारखं बजावलं. मी टीव्हीचं एक्स्टेंशन वापरणार हेही त्यानं ओळखलं. "ते वायर पयले वितळंन, रंग मंग." अशा माणसाचे पाय धरायचे. मी किमतीवरून हुज्जत घातली.

काम मात्र जमलं. आधी दारावरचा आरसा काढून ठेवला, काच धगीनं तडकते म्हणून. गन एका जागी न थांबवता फिरवत राहायची. रंग पापडासारखा फुगला की पुट्टीच्या पट्टीनं अलगद उचलायचा. हिरव्याखालून सागाच्या रेषा निघू लागल्या तेव्हा मला माझीच लाज वाटली. एवढं देखणं लाकूड मी वीस वर्षं झाकून ठेवलं होतं.

शनिवारी एकच दार उरलं. तेवढ्यात राजूरच्या मित्राचा फोन आला. डाव्या हातात फोन, उजव्या हातात गन. त्यानं तब्येत विचारली, मी सविस्तर सांगितली. गन तेवढा वेळ कडीजवळ एकाच जागी. वास आला तेव्हा तळहाताएवढं लाकूड काळं पडलं होतं.

संध्याकाळपर्यंत पॉलिश पेपर घासला. काळ्याचं तपकिरी झालं, पण डाग गेला नाही. बायकोनं पाहिलं. वाटीत जवसाचं तेल आणलं, मला एक फडकं दिलं, एक स्वतः घेतलं. आम्ही दोघं पुसत बसलो.

रविवारी मामाजी काळा चष्मा लावून आले. ते कपाटाजवळ जाताहेत हे दिसताच मी पुढं झालो आणि डागावर कोपर टेकवून, सहज उभा असल्यासारखा, उभा राहिलो. त्यांनी चेहरा लाकडाजवळ नेला. बोट एका रेषेवरून खाली आणलं, थांबवलं.

"हे गाठ पाह्य. रंधा माराच्या वक्ती लय भांडली मायाशी."

मग बराच वेळ ते गाठीकडेच पाहत राहिले. चष्मा काढून डोळ्याला हात लावू लागले तशी बायको ओरडली, "बाबा! डॉक्टरनं नाई म्हटलं ना!" चहा आला. मी तो डाव्या हातानं, उभ्यानंच प्यालो. मामाजी गावातल्या गोष्टी सांगत होते. मी कोपर न हलवता हो-हो करत होतो.

त्याच संध्याकाळी त्यांना एसटीत बसवून घरी आलो. बायकोला म्हटलं, "बरं झालं, डाग काही त्याईले दिसला नाही."

"पयलेच दिसला," ती म्हणाली. "मी तुम्हाले बसा म्हननार होती, तं बाबा हळूच म्हने, 'राहू दे वं. एवढा जीव लावून लपवून राह्यला थो. पाय दुखले की बसंन.'"